पाटीवरचे नाव : प्राणिसंग्रहालयातील जाती, उपजाती आणि संवर्धनस्थिती

भोर आणि वेल्हे परिसरांतील शाळांच्या शैक्षणिक सहली पुण्याकडे निघाल्या, की कापूरहोळ, नसरापूर, खेड-शिवापूर मागे टाकून कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हमखास थांबतात. पुणे महानगरपालिकेचे हे संग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले. त्याच्या आवारातील सर्पोद्यान त्याहून जुने, १९८६ मधील. विद्यार्थी वाघ पाहतात, सिंह पाहतात, अजगरापुढे रेंगाळतात. पिंजऱ्यासमोरची पाटी मात्र फार थोडे वाचतात. आणि जे वाचतात त्यांनाही तिच्यावरील शब्दांचा नेमका अर्थ क्वचितच कोणी समजावून दिलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या पाटीचाच पाठ घेणार आहोत.

हा पाठ आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत का यावा, असा प्रश्न वाचकांस पडू शकेल. त्याचे उत्तर असे, की अशा पाट्यांवर ‘जाती’ आणि ‘उपजाती’ हे शब्द येतात आणि कित्येकदा त्यांच्या जोडीला ‘दर्जा’ हा तिसरा शब्दही येतो. ज्या समाजाने जात, पोटजात आणि दर्जा या तीन शब्दांचे ओझे शतकानुशतके वाहिले, त्या समाजातील मुलामुलींनी हे शब्द प्राण्याच्या पिंजऱ्यावर वाचताना त्यांचा शास्त्रीय अर्थ कोणता आणि तो कोठे संपतो, हे स्वच्छपणे जाणले पाहिजे. तसे न झाल्यास सहलीहून परतताना मूल एक चुकीची समजूत सोबत घेऊन येते, आणि ती समजूत निसर्गाच्या नावाने आलेली असल्यामुळे पुढे सहजासहजी जात नाही.

पाटीची परंपरा

प्राण्यांची नावे लिहून त्यांना अभय देण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव अशा अनेक प्राण्यांची यादी असून त्यांना अवध्य ठरविले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या यादीतून आणखी एक गोष्ट शिकता येते. तिच्यातील कित्येक नावे नेमकी कोणत्या प्राण्यांची आहेत, यावर आज विद्वानांचे एकमत नाही. नाव दगडावर टिकले. त्या नावाने कोणता जीव ओळखला जात होता, हे मात्र विस्मृतीत गेले. तेव्हा नाव लिहिणे ही पाटीची केवळ पहिली पायरी होय. ते नाव कोणाचे आणि कशासाठी लिहिले आहे, हे वाचणाऱ्याला कळले तरच पाटीचे काम पूर्ण होते.

आधुनिक भारतात हे काम कायद्याने सोपविलेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. त्यातील पुढील दुरुस्तीनुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राणिसंग्रहालयांना मान्यता देण्याचे जे नियम आहेत, त्यांनुसार प्रत्येक पिंजऱ्यापाशी तेथील प्राण्याची शास्त्रीय माहिती देणारा फलक असावा लागतो. या फलकाचा साचा सर्वत्र साधारण सारखाच असतो : प्राण्याचे मराठी, हिंदी व इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, तो कोठे आढळतो याचा नकाशा, आहार, आयुर्मान आणि शेवटी त्याची संवर्धनस्थिती.

या शेवटच्या ओळीत बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिलेल्या असतात. एक म्हणजे १९७२ च्या अधिनियमातील अनुसूची. भारतात त्या प्राण्याला कायद्याचे किती कडक संरक्षण आहे, हे ती सांगते. दुसरी म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची लाल यादी; तो प्राणी जगातून नाहीसा होण्याचा धोका किती, हे ती सांगते. दोन्हींचा मेळ बसतोच असे नाही. आपला मोर अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तर लाल यादीत तो ‘अल्प चिंतेचा’ आहे. यात विसंगती नाही. कायदा संरक्षणाविषयी बोलतो, लाल यादी धोक्याविषयी.

लाल यादीच्या पायऱ्या विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवाव्यात : अल्प चिंतेचा, संकटाच्या उंबरठ्यावरचा, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, वन्य अवस्थेत नामशेष आणि नामशेष. पाटीवर यांची इंग्रजी आद्याक्षरे तेवढी असतात. एलसी, एनटी, व्हीयू, ईएन, सीआर. ज्याला ती ठाऊक नाहीत त्याच्यासाठी पाटीचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोराच राहतो.

शब्दांची उकल

आता शब्दांकडे वळू. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी शिकविली जाते. म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘स्पीशीज’ म्हणतात, त्याला पाठ्यपुस्तक ‘जाती’ म्हणते, आणि ‘जीनस’ला ‘प्रजाती’. वृत्तपत्रे मात्र सर्रास ‘स्पीशीज’लाच प्रजाती म्हणतात. त्यामुळे वर्गात एक शब्द, पाटीवर दुसरा आणि बातमीत तिसरा अशी विद्यार्थ्यांची ओढाताण होते. या लेखात आम्ही पाठ्यपुस्तकाचे शब्द वापरले आहेत. ‘पँथेरा’ ही प्रजाती. तिच्यात वाघ, सिंह, बिबट्या या निरनिराळ्या जाती. एखाद्या जातीचे प्राणी दूरदूरच्या प्रदेशांत विभागले गेले आणि दीर्घकाळात त्यांच्यात रंग, आकार, आनुवंशिक घडण यांचे काही स्थिर फरक पडले, तर त्या प्रदेशनिष्ठ गटास उपजाती म्हणतात. शास्त्रीय नावात दोन शब्द असतील तर ते जातीचे नाव. तीन असतील तर तिसरा शब्द उपजातीचा.

उपजातीची सीमा जातीइतकी पक्की नसते, हेही येथेच सांगितले पाहिजे. एकाच जातीच्या दोन उपजातींची संतती सामान्यतः धडधाकट व प्रजननक्षम असते. किती फरक पडला म्हणजे वेगळी उपजाती मानायची, यावर शास्त्रज्ञांत मतभेद होतात आणि नवे पुरावे आले की याद्या बदलतात.

राहिला ‘दर्जा’ हा शब्द. तो ‘स्टेटस’ या शब्दासाठी वापरला जातो, परंतु मराठीत दर्जा म्हणजे प्रत, श्रेणी, पायरी. ‘संवर्धन दर्जा : अतिसंकटग्रस्त’ असे वाचणाऱ्या मुलाला तो प्राणी कमी प्रतीचा वाटतो किंवा त्याउलट फार उच्च प्रतीचा वाटतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तेथे सांगायचे असते ते एवढेच, की या जीवावर आज कोणती वेळ आली आहे. म्हणून शिक्षकांनी ‘दर्जा’ टाळून ‘संवर्धनस्थिती’ म्हणावे, अशी आमची सूचना आहे. स्थिती बदलता येते. दर्जा जन्माला चिकटतो, असे मानण्याची आपल्या समाजाला सवय आहे.

स्थिती कोणाची?

पाटी वाचताना विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की लिहिलेली स्थिती संपूर्ण जातीची आहे की समोरच्या उपजातीची. याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंहाचे आहे. सिंह ही जाती लाल यादीत ‘असुरक्षित’ आहे, कारण आफ्रिकेत त्याची संख्या अद्याप हजारांत आहे. आशियातील सिंह मात्र एकेकाळी इराण-इराकपासून बिहारपर्यंत पसरलेले असूनही आज केवळ गुजरातेत गीर व त्याच्या आसपास उरले आहेत. ‘पँथेरा लिओ पर्सिका’ या नावाने त्यांचे वेगळे मूल्यमापन झाले, तेव्हा २००० मध्ये ते ‘अतिसंकटग्रस्त’ आणि २००८ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरले. म्हणजे एकाच प्राण्यासमोरच्या दोन पाट्यांपैकी एकीवर ‘असुरक्षित’ आणि दुसरीवर ‘संकटग्रस्त’ असे लिहिलेले असले, तरी दोन्ही खऱ्या असू शकतात. स्थिती कोणाची, हे न सांगणारी पाटी मात्र अपुरी आहे.

गणनेनुसार गीर परिसरातील सिंह २०२० मध्ये ६७४ होते, २०२५ मध्ये ८९१ झाले. आकडा वाढता असूनही काळजी का, असे मुले विचारतात. कारण हे सर्व सिंह एकाच भूभागात आहेत. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रोगाच्या साथीत गीरमधील वीसहून अधिक सिंह दगावले. सगळे धान्य एकाच कणगीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याची धास्ती भोर-वेल्ह्यातील मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलविण्याचा आदेश दिला; त्याची अंमलबजावणी आजवर झालेली नाही.

दुसरे उदाहरण वाघाचे. जुन्या पाट्या व पुस्तके वाघाच्या आठ-नऊ उपजाती सांगतात. त्यांपैकी बाली, जावा आणि कॅस्पियन प्रदेशातील वाघ विसाव्या शतकात संपले. सुमात्रा बेटावरील वाघ ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. वाघ ही जाती मात्र यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून उभी आहे, आणि आपल्या देशात २०२२ च्या व्याघ्रगणनेने सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज दिला. भारतातील आकडा सुखावह आहे, पण त्याने सुमात्राच्या वाघाची स्थिती सुधारत नाही. तालुक्याच्या साक्षरतेचा आकडा चांगला असला म्हणून कड्याखालच्या प्रत्येक वाडीवस्तीतील मूल शाळेत जाते, असे होत नाही. सरासरी सगळ्यांत मागे पडलेल्याला झाकते. बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही गोष्ट नवी नसावी. उपजातीची स्थिती स्वतंत्रपणे लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. २०१७ मध्ये निसर्गसंवर्धन संघाच्या मार्जारकुल तज्ज्ञगटाने उपजातींची फेरमांडणी केली. तीनुसार वाघाच्या दोनच उपजाती धरल्या, एक आशियाच्या मुख्य भूमीवरील आणि दुसरी सुंदा बेटांवरील. सिंहाच्याही दोनच धरल्या. गीरचे सिंह आणि आफ्रिकेच्या उत्तर, पश्चिम व मध्य भागांतील सिंह ही एकच उपजाती, पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील सिंह ही दुसरी. गीरचा सिंह होता तेथेच आहे. त्याचे नाव तेवढे बदलले. म्हणून विचारावयाचा दुसरा प्रश्न असा, की पाटीवरचे नाव आणि मूल्यमापन कोणत्या वर्षाचे आहे. साल न लिहिलेली पाटी जुन्या पंचांगासारखी असते.

आपल्या रानातील शेकरू

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठी पुणे जिल्ह्यातच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील दाट रानांत आणि देवरायांत, उंच झाडांच्या शेंड्यांवर तो घरटी बांधतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतो आणि होता होईल तो जमिनीवर उतरत नाही. म्हणून फांदीला फांदी लागलेले रान हेच त्याचे जगणे. मधली झाडे तुटली की रस्ता तुटला.

शेकरू ही जाती केवळ भारतात आढळते आणि लाल यादीत ती ‘अल्प चिंतेची’ आहे. तेवढेच वाचले, तर काळजीचे कारण दिसत नाही. पण या जातीतही प्रदेशपरत्वे रंगभेद आहेत आणि त्यांवरून अभ्यासकांनी कोठे चार, कोठे आठ उपजाती मानल्या आहेत. गुजरातच्या डांग भागातील फिकट रंगाचे शेकरू त्यांपैकी एका उपजातीचे; ते नामशेष झाले असावे, असे मानले जाते. आपल्या शेजारच्या रानातून एक रंग कायमचा पुसला गेला आणि जातीच्या पाटीवर ‘अल्प चिंता’ हे शब्द जसेच्या तसे राहिले.

सह्याद्रीतील शेकरूच्या उपजातीला ‘रटूफा इंडिका एल्फिन्स्टोनी’ असे नाव आहे; काही तज्ज्ञ ती स्वतंत्र मानतात, काही मूळ ‘इंडिका’तच धरतात. हे नाव विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावावरून दिले. भीमा कोरेगावची लढाई झाली त्या १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा पुण्यात कंपनीची सूत्रे ज्याच्या हाती होती तोच हा एल्फिन्स्टन. साइक्स हाही इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा माणूस. त्याने दख्खनच्या पशुपक्ष्यांची नोंद केली आणि १८४१ मध्ये चिनी भिक्खू फाहियानच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारतातील बौद्ध धम्माच्या स्थितीवर विस्तृत निबंध लिहिला. त्याचे श्रेय त्याला द्यावे. तरीही ज्या घाटमाथ्यावरच्या कष्टकऱ्यांनी या प्राण्याला पिढ्यानपिढ्या ‘शेकरू’ म्हणून ओळखले, त्यांपैकी कोणाचेही नाव त्या शास्त्रीय नावात नाही. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा इतिहासाचा प्रश्न खारीच्या पाटीलाही विचारता येतो.

देवरायांविषयीही दोन शब्द. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्या किती मोलाच्या आहेत, हे दाखविले. त्या राया देवाच्या भयाने राखल्या गेल्या. आपण भयाऐवजी समजुतीने राखाव्यात. झाड तोडल्यास देव कोपेल या धाकापेक्षा झाड तोडल्यास शेकरूचा मार्ग तुटेल हे ज्ञान अधिक टिकाऊ आहे, असे आम्ही वर्गात सांगतो.

पांढरा वाघ आणि मिश्र सिंह

पाटी आणखी एका प्रकारे दिशाभूल करू शकते. आपल्या राज्यात कात्रजला आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरे वाघ ठेवले गेले. प्राणिसंग्रहालयांत अशा वाघासाठी बहुधा स्वतंत्र पिंजरा आणि स्वतंत्र पाटी असते, म्हणून मुलांना ती वाघाची वेगळी उपजाती वाटते. ती तशी नाही. एका दुर्मीळ जनुकामुळे आलेला तो रंग आहे. १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या ‘मोहन’ या पांढऱ्या वाघाचा त्याच्याच मुलीशी संयोग घडवून पांढरी पिल्ले मिळविण्यात आली आणि मुख्यतः त्या रक्तातून हा रंग जगभर पसरला. रंग टिकावा म्हणून जवळच्या नात्यात वारंवार पैदास केल्याने तिरळेपणासारखे दोष पुढील पिढ्यांत येत राहिले. संवर्धनाच्या दृष्टीने पांढऱ्या रंगाला वेगळे मोल नाही. रंगाची निवड माणसाने केली. दोष वाघांनी भोगले.

याच्या उलट घटना चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात घडली. तेथे आशियाई सिंहांचा सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांशी संकर झाला आणि मिश्र सिंहांची संख्या वाढत गेली. आशियाई सिंहाच्या संवर्धनात त्यांचा उपयोग नाही असे ठरल्यावर नरांची नसबंदी करून त्यांची पैदास थांबविण्यात आली. ते सिंह दुबळे म्हणून हा निर्णय झाला नव्हता. पाटीवर लिहिण्याजोगे नाव त्यांना उरले नव्हते.

मग शुद्धता हेच संवर्धनाचे तत्त्व समजावे काय? तसेही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात ‘पँथर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्यूमाची संख्या १९९० च्या दशकारंभी वीस-तीसवर आली होती आणि आपसांतील प्रजननाने त्यांच्यात हृदयाचे व प्रजननाचे विकार शिरले होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून, म्हणजे त्या वेळी वेगळ्या मानल्या गेलेल्या उपजातीतून, आठ माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. मिश्र संतती अधिक सुदृढ निघाली आणि संख्या वाढली. आपल्याकडे चित्त्याबाबत हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. आशियाई चित्ता आज केवळ इराणात, तोही अतिसंकटग्रस्त अवस्थेत उरला आहे. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. आफ्रिकेतील चित्ता वेगळ्या उपजातीचा म्हणून तो आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली. २०२० मध्ये प्रयोग म्हणून परवानगी दिली. आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते कुनोत आले. विशेष असे, की त्याच्या कित्येक वर्षे आधी आपल्या कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले होते. या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. प्राण्यांच्या बाबतीतही उपजाती हे वाचविण्यासाठी वापरावयाचे साधन आहे. कोठे ती जपावी आणि कोठे तिची सीमा ओलांडावी, हे जीव वाचण्याच्या प्रयोजनावरून ठरते. शुद्धतेचा अभिमान हा त्याचा निकष नव्हे.

माणसापुढची पाटी

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘सिंहाची उपजाती जपतात, मग माणसाच्या जाती जपल्या तर बिघडले कोठे?’ हा प्रश्न कोणीतरी, कधीतरी आपल्या विद्यार्थ्यांपुढे टाकणारच. त्याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार हवे.

माणसापुढे प्राणिसंग्रहालयाची पाटी लागली, तर काय होते, हे इतिहासाने पाहिले आहे. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणास वानरगृहात लोकांपुढे प्रदर्शनासाठी ठेवण्यात आले. पिंजऱ्यापाशी त्याचे वय, उंची, वजन आणि मूळ प्रदेश सांगणारी पाटी होती. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी तीव्र निषेध केल्यावर ते प्रदर्शन थांबले. ओटा बेंगाने मार्च १९१६ मध्ये आपले जीवन संपविले. त्या संग्रहालयाच्या चालक संस्थेने या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० मध्ये.

ओटा बेंगाच्या मृत्यूला दोन महिने होण्यापूर्वी, ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उगमावरील आपला निबंध वाचला. जातीचे मर्म आपसांतच विवाह करण्याच्या सक्तीत आहे, असे त्यांनी त्यात मांडले. सिंहाची उपजाती समुद्र, वाळवंट आणि अंतर यांनी घडविली. माणसाची जात विवाहबंदीच्या नियमाने घडविली. पहिली भूगोलाची गोष्ट, दुसरी माणसाने उभारलेल्या कुंपणाची. पुढे १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील अस्पृश्य वंशाने एक आहेत, तर पंजाबी ब्राह्मण आणि मद्रासी ब्राह्मण वंशाने भिन्न आहेत. जात ही वंशाची विभागणी असती, तर असे झाले नसते. १९४८ मधील अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथात त्यांनी नासिकामापनाची आकडेवारी घेऊन, ज्या मोजपट्टीने माणसांना उच्चनीच ठरविण्याचा खटाटोप झाला, तिनेच ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे सिद्ध केले.

या सर्वांच्या सुमारे अडीच हजार वर्षे आधी तथागतांनी हाच प्रश्न सोडविला होता. सुत्तनिपात आणि मज्झिमनिकाय या दोन्हींत येणाऱ्या वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण, ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने, हा वाद घेऊन भगवान बुद्धांकडे येतात. बुद्ध त्यांना आधी निसर्ग दाखवितात. गवत आणि वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात चिन्हांनी ओळखता येणाऱ्या निरनिराळ्या जाती आहेत, हे ते मान्य करतात. त्यानंतर ते माणसाकडे वळतात आणि केस, कान, डोळे, नाक, ओठ असा एकेक अवयव घेऊन सांगतात, की माणसामाणसांत अशी जातिभेदक चिन्हे नाहीत. माणसांतील भेद हे व्यवहारातील नावाचे आहेत. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी. प्राण्यांच्या जाती खऱ्या मानूनच माणसांची जात नाकारणारा हा युक्तिवाद आजचे जीवशास्त्रही मान्य करते. पृथ्वीवरील सर्व माणसे आज एकाच जातीची आणि एकाच उपजातीची आहेत.

पाटी वाचण्याचे पाच प्रश्न

पुढील सहलीस निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी हे पाच प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत.

१. शास्त्रीय नावात शब्द दोन आहेत की तीन?
२. लिहिलेली स्थिती जातीची आहे की उपजातीची?
३. ती अनुसूचीची आहे की लाल यादीची, आणि कोणत्या वर्षाची?
४. नकाशात दाखविलेल्या प्रदेशांपैकी तो प्राणी आज प्रत्यक्ष कोठे कोठे उरला आहे?
५. वेगळी पाटी आहे ती वेगळ्या उपजातीसाठी, की केवळ वेगळ्या रंगासाठी?

ज्या पाटीवर यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तिची नोंद करून संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना वर्गातर्फे विनयपूर्वक पत्र लिहावे. पत्रात त्रुटीबरोबर दुरुस्तीचा मजकूरही सुचवावा. दुसरा स्वाध्याय घरचा आहे. भोर किंवा वेल्ह्यातील आपल्या गावाच्या रानात, धरणाच्या काठी अथवा देवराईत दिसणाऱ्या एका प्राण्याची पाटी प्रत्येकाने तयार करावी. तिच्यावर शास्त्रीय नावाच्या आधी आजी-आजोबा त्या प्राण्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहावे, आणि शेवटच्या ओळीत त्याची जगातील स्थिती व आपल्या शिवारातील स्थिती स्वतंत्रपणे नोंदवावी. या दुसऱ्या नोंदीसाठी कोणतीही यादी उपलब्ध नाही. ती गावातील जाणत्या माणसांना विचारून आणि स्वतः रानात हिंडूनच भरावी लागेल.